खळ, सरस, राळ : कागद आणि पाणी

खळ न दिलेला कागद पाणी अडवत नाही, ओढून घेतो. टिपकागद आणि प्रयोगशाळेतला गाळणकागद हे असे बिनखळीचे कागद. त्यांच्यावर शाईने लिहू गेले तर रेघ तंतूंच्या वाटेने चहूकडे फुटते. याचे कारण कागदाच्या मूळ द्रव्यातच आहे. कागद सेल्युलोजच्या तंतूंचा बनतो, आणि सेल्युलोजच्या लांब साखळीतल्या ग्लुकोजच्या प्रत्येक घटकावर तीन हायड्रॉक्सिल गट असतात. हे गट पाण्याच्या रेणूंना हायड्रोजन बंधांनी धरतात. लगदा वाळत असताना हेच गट शेजारच्या तंतूवरच्या गटांनाही धरतात, म्हणून कोणताही गोंद न घालता ताव एकसंध राहतो. ज्या गुणामुळे कागद बनतो त्याच गुणामुळे तो भिजल्यावर फाटतो : पाणी शिरले की तंतूंमधले बंध सुटतात आणि कागदाचे बहुतेक बळ निघून जाते.

पाण्याला आत शिरायला वाट असते ती तंतूंमधल्या सूक्ष्म पोकळ्यांची. द्रवाचा थेंब घन पृष्ठाला कोणत्या कोनात टेकतो याचा विचार थॉमस यंग यांनी १८०५ मध्ये मांडला. सच्छिद्र पदार्थात द्रव किती वेगाने शिरतो याचे गणित लुकास यांनी १९१८ मध्ये आणि वॉशबर्न यांनी १९२१ मध्ये स्वतंत्रपणे दिले. त्यातून निघणारी गोष्ट साधी आहे. स्पर्शकोन नव्वद अंशांहून कमी असेल तर केशाकर्षण पाण्याला आत ओढते. नव्वदच्या वर गेला तर तीच पोकळी पाण्याला बाहेर ढकलते. म्हणजे कागद पाण्यापासून राखायचे दोन मार्ग उरतात. एक, पोकळ्या बुजवून टाकायच्या. दोन, तंतूंच्या पृष्ठाचा स्वभावच पालटायचा. कागदी लोकांनी पहिला मार्ग हजार-दीड हजार वर्षे वापरला आणि दुसराही शोधून काढला, तोही यंग यांचा निबंध कुणी कागदाशी जोडण्याच्या पुष्कळ आधी.

चीनमध्ये कागदाचे श्रेय परंपरेने इसवी सन १०५ मध्ये सम्राटापुढे कागद सादर करणाऱ्या त्साय लुन या राजदरबारी अधिकाऱ्याला दिले जाते. मध्य आशियाच्या वाळवंटात सापडलेल्या जुन्या चिनी कागदांत पिष्टाची खळ आढळली आहे. पुढे चिनी चित्रकारांनी श्वान कागदाचे दोन प्रकार कायम केले. ‘कच्चा’ कागद काहीच लेप नसलेला. त्यावर शाई मोकळी पसरते आणि झटक्यात काढलेल्या चित्राला ती हवीच असते. ‘पक्का’ कागद सरस आणि तुरटीच्या पाण्यातून काढलेला. त्यावर केसाएवढी बारीक रेघ जागच्या जागी थांबते. जपानमध्ये सरस-तुरटीच्या याच मिश्रणाला ‘दोसा’ म्हणतात आणि ठोकळाछपाईच्या कागदाला ते ब्रशने लावत. पाऊस अंगावर घ्यायचा तर एवढ्याने भागत नाही. छत्र्यांचा कागद चीनमध्ये तुंग वृक्षाच्या तेलाने आणि जपानमध्ये एगोमाच्या तेलाने माखत. ही तेले हवेतल्या ऑक्सिजनने हळूहळू घट्ट होऊन तंतूंभोवती न विरघळणारी त्वचा धरतात. कच्च्या पर्सिमन फळाच्या आंबवलेल्या रसाचे, म्हणजे काकीशिबूचे कामही असेच. त्यातली टॅनिने वाळून कडक आणि जलरोधक होतात.

इस्लामी जगात कागद पोहोचला तो पिष्टाची खळ बरोबर घेऊन. व्हिएन्नाचे वनस्पतिशास्त्रज्ञ युलियुस वीझनर यांनी इजिप्तमधल्या फय्यूम इथे सापडलेले कागद सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि १८८७ मध्ये दाखवून दिले, की ते चिंध्यांच्या लगद्याचे असून त्यांना पिष्टाची खळ दिलेली आहे. आयोडीनच्या थेंबाने पिष्ट निळे होते, त्यामुळे ही साक्ष खोटी ठरवता येत नाही. खळ दिलेला ताव वाळवून गुळगुळीत दगडाने घोटला की त्याचे पृष्ठ काचेसारखे होई. पिष्टाने पाणी परतत नाही, फक्त अडखळते, कारण पिष्टही सेल्युलोजइतकेच पाणीप्रिय आहे. तरी दौतीतली काजळाची शाई आणि बोरूची मऊ लेखणी यांना तेवढे पुरे होते. काजळाचे कण पृष्ठावरच बसतात. द्रवाने किंचित आत मुरावे, पण पसरू नये, एवढीच त्या शाईची मागणी.

महाराष्ट्रात हीच रीत रुजली. दौलताबादच्या परिसरातले कागजीपुरा आणि पुण्याच्या उत्तरेचे जुन्नर ही कागदाची नावाजलेली ठिकाणे. खानदेशात एरंडोललाही कागद होत असे. कागदी कारागीर जुने गोणपाट, दोर आणि चिंध्या कुटून लगदा करीत, गवताच्या काड्यांच्या छापरीवर ताव उचलीत, वाळवीत, खळ देत आणि घोटीत. पेशवे दफ्तरातले मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल अशाच हातकागदावर आहेत. खळीचा दोषही सर्वांना ठाऊक होता. कसर आणि वाळवी यांना ती आवडते. म्हणून अनेक ठिकाणी पोथ्यांच्या कागदाला हरताळाचा पिवळा लेप देत, आणि पोथी कापडात घट्ट बांधून ठेवीत. पण किडीपासून जो कागद वाचला तो तीनशे वर्षांनंतरही बोटांनी उलटता येतो. या कागदात आम्ल नव्हते, ही गोष्ट त्या काळी कुणी गुण म्हणून नोंदवली नसली, तरी पुढच्या सगळ्या कथेत तीच सर्वांत मोठी ठरते.

युरोपात अडचण निराळी होती. तिथली लेखणी पिसाची, टोकदार. आणि शाई मायफळ व हिराकस यांची, पातळ आणि आम्लधर्मी. मऊ खळीच्या कागदावर पीस रुतते, तंतू उपटते आणि शाई फुटते. इटलीतल्या फाब्रियानोच्या कागदींनी तेराव्या शतकात पिष्ट सोडून जनावरांच्या कातड्याचा सरस घेतला. हा बदल लहान दिसतो, पण युरोपात कागदाने चर्मपत्राची जागा घेतली ती त्यानंतरच. १२३१ मध्ये सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने सरकारी दस्तऐवज कागदावर करण्यास मनाई केली होती, कारण ते टिकत नसत. सरसाच्या कागदाने हा आक्षेप हळूहळू निकाली काढला.

सरस देण्याचे काम कागदाच्या गिरणीतले सर्वांत नाजूक. चांभाराच्या आणि चर्मपत्रवाल्याच्या दुकानातली कातडीची कात्रणे तासन्‌तास उकळून सरस काढत, गाळत, कोमट ठेवत. वाळलेल्या तावांची चवड हातात धरून त्यात बुडवत, मग दाबयंत्रात घालून जादा सरस पिळून काढत आणि एकेक ताव सोडवून माळ्यावर दोऱ्यांवर टांगत. वाळवण सावकाश झाली तरच सरस पृष्ठाजवळ येऊन कणखर थर धरतो. घाई केली तर ताव वेडावाकडा होतो. उन्हाळ्यात सरस नासे, दमट हवेत ताव वाळत नसत. ओले ताव एकमेकांपासून सोडवताना इतके फाटत, की इंग्रज कामगार गिरणीच्या त्या खोलीला कत्तलखाना म्हणत. सरस नासू नये आणि घट्ट व्हावा म्हणून त्यात तुरटी घालण्याची पद्धत पुढे रूढ झाली. कागदाच्या इतिहासात तुरटीचा शिरकाव झाला तो असा, उपकारक म्हणून. थोड्या मात्रेत ती उपकारकच होती.

फ्रान्समधल्या एसोन इथे निकोला-लुई रोबेर यांनी अखंड कागद काढणारे यंत्र बनवले आणि १७९९ मध्ये त्याला अधिकारपत्र मिळाले. इंग्लंडमध्ये फूर्द्रिनिए बंधूंच्या पैशाने आणि ब्रायन डाँकिन यांच्या हाताने ते १८०३ च्या सुमारास चालू लागले. १८२० मध्ये क्रॉम्प्टन यांनी वाफेने तापवलेल्या नळकांड्यांवर कागद वाळवण्याची सोय केली. आता कागद मिनिटाला कित्येक फूट बाहेर पडू लागला, आणि एकदा वाळवलेला कागद पुन्हा भिजवून, पिळून, माळ्यावर दिवसेंदिवस टांगणे ही या वेगाला सर्वांत मोठी आडकाठी झाली.

तोडगा तयारच होता, आणि तो एका लहान गावातून आला होता. जर्मनीच्या ओडेनवाल्ड डोंगराळ भागातल्या एर्बाख इथले मोरिट्स फ्रीडरिश इलिग हे कागदगिरणीवाल्या घराण्यातले, शिक्षणाने घड्याळजी. त्यांनी १८०७ मध्ये एक पुस्तिका छापली. तिचा आशय असा, की कागद झाल्यावर खळ देण्याऐवजी ती लगद्यातच घालावी. पाइन वृक्षाची राळ अल्कलीत उकळली की साबण होतो आणि तो पाण्यात दुधासारखा मिसळतो. हे दूध लगद्यात ओतून वर तुरटीचे पाणी घातले की अॅल्युमिनियमच्या योगाने राळेचे बारीक कण तंतूंवर बसतात. पुढे तापलेल्या नळकांड्यावर कण मऊ होऊन पसरतात. कागद यंत्रातून बाहेर पडतो तोच खळ घेऊन.

या युक्तीची खरी किंमत रसायनशास्त्राने शंभर वर्षांनी कळवली. राळेतल्या अॅबिएटिक आम्लाच्या रेणूला दोन तोंडे असतात : एक आम्लगटाचे, पाण्याशी जमणारे, दुसरे तीन कड्यांच्या हायड्रोकार्बनचे, पाण्याला टाळणारे. तंतूचे पृष्ठ पाण्यात ऋणभारित असते आणि राळही ऋणभारित, म्हणून दोघे आपणहून जवळ येत नाहीत. धनभारित अॅल्युमिनियम मधे उभा राहून आम्लगट तंतूकडे वळवतो आणि पाणी टाळणारे तोंड बाहेर येते. पोकळ्या बुजत नाहीत, तशाच उघड्या राहतात. फक्त पाण्याला त्यात शिरावेसे वाटत नाही. तंतूंच्या वजनाच्या शेकडा एक-दोन भाग राळ यासाठी पुरते. इलिग यांची पुस्तिका बरीच वर्षे दुर्लक्षित राहिली, मात्र १८३० नंतर यंत्रांबरोबर तिची पद्धत सर्वत्र गेली आणि पुढची सव्वाशे वर्षे जगातला बहुतेक छपाईचा आणि लिहिण्याचा कागद राळ-तुरटीवर चालला. पुण्याजवळ मुंढव्याला १८८० च्या दशकात उभी राहिलेली रे पेपर मिल असो की विसाव्या शतकातले बल्लारपूर, भारतातल्या यंत्रगिरण्यांनी हाच मार्ग धरला.

घातक ठरली ती राळ नव्हे, तिला बसवणारी तुरटी. राळ नीट बसायला लगदा आम्लधर्मी असावा लागतो, पीएच साधारण साडेचार ते साडेपाच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोटॅशयुक्त तुरटीऐवजी स्वस्त अॅल्युमिनियम सल्फेट आले आणि ते हात सैल सोडून घातले जाऊ लागले. हे लवण कागदात ओलाव्याशी हळूहळू गंधकाम्ल देते. आम्ल सेल्युलोजची साखळी जागोजागी तोडते, साखळ्या आखूड होतात आणि कागदाची घडी घातली तर तो तुटतो. त्याच सुमारास चिंध्यांची जागा लाकडाच्या लगद्याने घेतली होती, त्याचे तंतू मुळात आखूड. म्हणून दोष दुप्पट झाला. पण दीर्घ काळ सगळा दोष लाकडाच्या माथी मारला गेला. खळीकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही, हे कागदाच्या इतिहासातले फार महाग पडलेले दुर्लक्ष आहे.

इशारा मिळाला नव्हता असे नाही. जॉन मरे या स्कॉटिश विज्ञानव्याख्यात्याने १८२३ मध्ये एका मासिकाला पत्र लिहून कळवले होते, की आपल्याजवळची, ऑक्सफर्डला १८१६ मध्ये छापलेली, कधी न हाताळलेली बायबलची प्रत भुगा होऊन चालली आहे. त्याने कागद तपासून ब्लीचिंगची रसायने आणि तुरटी यांना दोषी धरले. प्रश्नाची तड मात्र विसाव्या शतकात अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात लागली. रिचमंडचे विल्यम बॅरो हे जुने दस्तऐवज दुरुस्त करणारे गृहस्थ. त्यांनी १९०० ते १९४९ या काळात छापलेल्या पाचशे पुस्तकांचे कागद घडी घालून, फाडून तपासले आणि १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला : त्यांतले बहुतांश कागद पन्नास वर्षेही नीट टिकणार नाहीत, आणि याचे मुख्य कारण राळ-तुरटीच्या खळीतले आम्ल. कॅल्शियमच्या क्षारांच्या पाण्याने आम्ल मारून कागद वाचवण्याची रीतही त्यांनी घालून दिली. मराठी ग्रंथालयांत याचा पुरावा कुणालाही पाहता येतो. अठराव्या शतकातला मोडी कागद अजून लवतो, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यातली मासिके कपाटातून काढताच कडा गळतात. पुण्यात १९४० मध्ये के. बी. जोशी यांनी गांधीजींच्या प्रेरणेने हातकागद संस्था उभी केली तेव्हा जुन्या कागदी परंपरेचे पुनरुज्जीवन हा ग्रामोद्योगाचा भाग होता. कागदाच्या आयुष्याच्या दृष्टीनेही ती वाट चुकीची नव्हती.

मुख्य प्रवाहाच्या बाजूला एकोणिसाव्या शतकात कागदाला जलरोधक करण्याचे इतर प्रयोग चालूच होते. छायाचित्रकार ल ग्रे यांनी १८५१ मध्ये मेण लावलेला कागद छायाचित्राच्या निगेटिव्हसाठी वापरला. कागद काही सेकंद गंधकाम्लात बुडवून लगेच धुतला की तंतूंचे पृष्ठ विरघळून पुन्हा बसते आणि चर्मपत्रासारखा चिवट कागद होतो. लोणी आणि चीज त्यात गुंडाळून विकले जाऊ लागले. तांब्याच्या अमोनियायुक्त द्रावात सेल्युलोज विरघळते हे श्वाइत्सर यांनी १८५७ मध्ये दाखवले, आणि लंडनजवळच्या विल्सडेन इथे या द्रावातून कागद व कॅनव्हास काढून छपराला घालण्याजोगा हिरवट, पाऊस न लागणारा माल निघू लागला. कागद इथे स्वतःच्याच द्रव्याने लिंपला गेला, हे या कल्पनेतले सौंदर्य. घरोघर पोहोचले ते मात्र पॅराफिन मेण. अमेरिकेत सार्वजनिक पाणवठ्यावरचा एकच प्याला सर्वांनी तोंडाला लावायची रीत रोगाचे मूळ आहे हे ओळखून कॅन्सस राज्याने १९०९ मध्ये त्यावर बंदी घातली. बॉस्टनच्या लॉरेन्स लुएलन यांनी काही काळ आधीच कागदी पेला काढला होता. त्याला १९१९ मध्ये डिक्सी हे नाव मिळाले. मेणाने पाणी अडते, पण गरम चहाने मेण वितळते, म्हणून पुढे पेल्याच्या आत पॉलिथिनचा पापुद्रा आला आणि कागद प्लास्टिकशी बांधला गेला.

तंतूच्या पृष्ठावर रासायनिक बंधानेच पाणी टाळणारा थर बसवण्याची पहिली ठळक घटना न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी इथली. जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत विंटन पॅटनोड यांच्या हाती मिथिल क्लोरोसिलेन ही नवी द्रव्ये होती. त्यांच्या वाफेत धरलेला कागद दिसायला होता तसाच राहतो, पण त्यावर पडलेले पाणी गोळ्या होऊन घरंगळते, असे त्यांना दिसले. १९४० मध्ये त्यांनी अर्ज केला आणि १९४२ मध्ये पेटंट मिळाले. सिलिकॉनच्या अणूवरचे क्लोरीन सेल्युलोजच्या हायड्रॉक्सिलशी आणि पृष्ठावरच्या ओलाव्याशी अभिक्रिया करते, ऑक्सिजनचा दुवा तयार होतो आणि मिथिल गट बाहेर तोंड करून उभे राहतात. थर इतका पातळ, की डोळ्यांना दिसत नाही आणि छिद्रे बुजत नाहीत. पण अभिक्रियेत हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते आणि तेच तंतू कुजवते. अमोनियाच्या वाफेने ते लगेच मारावे लागे. राळ-तुरटीची जुनी अडचण इथे दुसऱ्या दाराने आत आली. युद्धकाळात या उपचाराचा खरा उपयोग झाला तो रेडिओच्या चिनीमातीच्या विद्युत्‌रोधकांना, दमट हवेत वीज गळू नये म्हणून. कागदावर सिलिकॉन टिकला तो वेगळ्या रूपात : चिकटपट्ट्यांच्या मागचा सुटा होणारा कागद आणि भट्टीत घालायचा बेकिंगचा कागद.

गिरण्यांमधला बदल १९५० च्या दशकात आला. डेलावेअरमधल्या हर्क्युलिस कंपनीने अल्किल किटीन डायमर, म्हणजे एकेडी, हे द्रव्य बाजारात आणले. ते स्टिअरिक आणि पामिटिक या चरबीतल्या आम्लांपासून बनते. त्याच्या डोक्याशी असलेले चौकोनी कडे सेल्युलोजच्या हायड्रॉक्सिलवर उघडते आणि एस्टरचा बंध धरते. मेदाम्लाच्या दोन लांब शेपट्या बाहेर राहतात. तंतूंच्या हजार भागांना एक भागाच्या आसपास एकेडी पुरते. सगळा एकेडी बांधला जातो असे नाही. काही पाण्याशी मिळून वाया जातो, आणि परिणाम पुरा यायला रिळे काही काळ ठेवावी लागतात. पुढे आलेल्या अल्केनिल सक्सिनिक अॅनहायड्राइडची अभिक्रिया याहून जलद, मात्र ते पाण्याने लवकर बिघडते, म्हणून गिरणीतच त्याचे पायस करून लगेच वापरावे लागते. दोन्हींचा मोठा गुण असा, की त्यांना आम्ल लागत नाही. उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी लगद्यात ती काम करतात आणि त्यामुळे स्वस्त खडू, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, भर म्हणून घालता येतो. पुस्तके वाचवण्याच्या कळकळीपेक्षा या खडूच्या बचतीने गिरण्यांना जास्त पटवले. युरोपातल्या गिरण्या १९७० नंतर आणि अमेरिकेतल्या १९८० नंतर वळल्या. खडू पुढची अनेक दशके आम्ल शोषत बसतो, म्हणून या कागदाचे आयुष्य पुन्हा हातकागदाच्या जवळ गेले.

खळ किती बसली हे मोजायला गिरणीत कॉब चाचणी वापरतात, १९३० च्या दशकापासून. ठरावीक क्षेत्रफळाच्या कड्याखाली कागद धरून त्यावर पाणी ओततात आणि बहुधा साठ सेकंदांनी वजन करतात. एका चौरस मीटरमागे किती ग्रॅम पाणी मुरले, तो आकडा.

पाण्याबरोबर तेलही परतवायचे, ही मागणी तयार खाद्यपदार्थांनी आणली. मेदाम्लाच्या शेपट्या तेलापुढे हतबल असतात, कारण तेल त्यांचेच नातलग. फ्लोरिनयुक्त साखळ्या दोघांनाही दूर ठेवतात. अमेरिकी थ्रीएम कंपनीचा स्कॉचबॅन आणि त्याच्यासारखी इतर द्रव्ये बर्गरच्या वेष्टनांत, पॉपकॉर्नच्या पिशव्यांत वर्षानुवर्षे गेली. कार्बन-फ्लोरिन बंध निसर्गात जवळजवळ तुटत नाही. ही द्रव्ये पाण्यात, प्राण्यांच्या आणि माणसांच्या रक्तात साठत गेली. थ्रीएमने २००० मध्ये त्यातला मुख्य वर्ग थांबवत असल्याचे जाहीर केले. डेन्मार्कने जुलै २०२० पासून अन्नाला लागणाऱ्या कागदात त्यांच्यावर बंदी घातली, आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केले, की कागदाला तेलरोधक करणारी ही द्रव्ये तिथे आता विकली जात नाहीत.

त्यांची जागा घेण्यासाठी शोध मेण, पिष्टाची रूपांतरे, अतिसूक्ष्म सेल्युलोजचे लेप या दिशांनी चालू आहे. सर्वांत लक्षवेधी पद्धत फ्रान्समधल्या ग्रनोब्ल इथली. डॅनिएल सामाँ यांनी बसवलेल्या क्रोमॅटोजेनी या प्रक्रियेत मेदाम्लाच्या क्लोराइडचा अगदी थोडा अंश कागदावर देतात, तापलेल्या रुळावरून कागद नेतात, आणि क्लोराइड वाफ होऊन तंतूंमधून पसरत हायड्रॉक्सिलशी एस्टर बांधत जाते. विद्रावक लागत नाही. पॅटनोड यांच्या वाफेप्रमाणे इथेही हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते. पण गरम हवेचा झोत ते तंतूला इजा होण्याआधी काही सेकंदांत उडवून नेतो.